आजोबांच्या तबकड्या संगणकावर घेताना: आधी पाणी, मग सुई, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याच्या जुन्या घरात माळ्यावर आजोबांची ट्रंक सापडली. तिच्यात ९०च्या आसपास एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकड्या), ६० ईपी (त्यांच्या छोट्या बहिणी) आणि ४० जाड, जड ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या निघाल्या. नाट्यगीतं, भावगीतं, थोडं शास्त्रीय. ऑनलाइन मिळतो तो सुटकेसच्या आकाराचा यूएसबी प्लेअर घेऊन दोन एलपी उतरवून पाहिल्या, तर आवाज पातळ आणि चिरका, मागे सतत घूंऽऽ. 'आता सॉफ्टवेअरमध्ये कोणता फिल्टर लावू?'

एवढ्यात कोणताच लावू नका. वीस-बावीस वर्षं मी हे काम करतोय, स्वतःच्या तबकड्यांवर आणि ओळखीपाळखीच्यांच्या. खराब उतरवलेली तबकडी सॉफ्टवेअरने सुधारून चांगली झालेली मी अजून पाहिली नाही. उलट स्वच्छ धुतलेली, योग्य सुईने वाजवलेली तबकडी बऱ्याचदा तशीच ठेवावीशी वाटते. तेव्हा तुमचा वेळ आणि पैसा संगणकाच्या अलीकडच्या भागावर खर्च करा.

सुरुवात ट्रंकेपासून. ७८च्या तबकड्या आणि एलपी आधी वेगळ्या करा, कारण दोन्ही पदार्थच वेगळे आहेत. एलपी आणि ईपी विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, किंचित वाकणाऱ्या. ७८ची तबकडी लाखेची. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र करून दाबलेली, त्यामुळे ती वाकत नाही, सरळ फुटते. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराचं पॉलिश आठवा, ती हीच लाख, स्पिरिटात विरघळवलेली. हे मला माहीत होतं, तरी नवखेपणी आईच्या माहेरून आलेल्या एका नाट्यगीताच्या तबकडीवर मी स्पिरिटचा बोळा फिरवला. कापूस काळा झाला. मला वाटलं, वा, काय मळ निघतोय! तो मळ नव्हता, गाणं होतं. ती तबकडी अजून माझ्याकडे आहे आणि तिची एक बाजू आता नुसती फुसफुसते. तर ७८ला स्पिरिट, आयसोप्रोपिल, कोलन, सॅनिटायझर यातलं काहीही नाही. मेडिकलवाला कितीही खात्रीने देवो.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरचं पाणी तर नकोच, नळाचंही शेवटच्या हाताला नको. वाळल्यावर क्षार खाचांत बसतात आणि ते टकटक वाजतात. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एकच थेंब पुरे, तोही बिनरंगाचा, बिनवासाचा मिळाला तर बरं. फोटोच्या डार्करूममध्ये वापरायचं वेटिंग एजंट मिळालं तर त्याहून चांगलं. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, त्यावर डब्याचं झाकण दाबून धरा. मऊ केसांचा रुंद ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. वाळवायला भांड्यांचा उभा स्टँड उत्तम, दोन तबकड्यांमध्ये एक खाच मोकळी सोडून. वर पंखा चालेल, ऊन नको. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवू नका, पटकन धुवून पटकन टिपून घ्या. एलपीवर पांढरी बुरशी धरली असेल, आणि आपल्याकडच्या चार पावसाळ्यांनंतर ती धरतेच, तर विनाइलपुरतं पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल चालतं. वाळलेल्या एलपीला नवं आतलं पाकीट द्या. जुन्या पाकिटात तीच बुरशी वाट पाहत बसलेली असते.

सुतारकामाचा पांढरा गोंद एलपीवर ओतून, वाळला की सालीसारखा सोलायचा, हा प्रकार तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल. मीही एका टाकाऊ एलपीवर केला. मळ खरंच निघतो. पण शेवटच्या खाचेपाशी एक तुकडा अडकून बसला तो आजतागायत तिथेच आहे. लाखेच्या तबकडीवर तर हा विचारही नको.

आता तुमचा सुटकेस प्लेअर. त्यात सहसा स्वस्त, सिरॅमिक जातीचं कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग) असतं आणि सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास. मूव्हिंग मॅग्नेट या चांगल्या जातीच्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. एकदा वाजवल्याने एलपीचा सत्यानाश होत नाही, उगाच घाबरू नका. पण सुई धरणारा प्लास्टिकचा हलका दांडा आणि जाडी सुई यांना एलपीच्या आतल्या खाचा झेपत नाहीत. कारण साधं आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि शेवटच्या गाण्याला सुमारे २१च. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. म्हणून 'स' आणि 'श' फाटतात, तार सप्तकातला आवाज चिरकतो. आपल्याकडे भैरवी शेवटी येते, म्हणजे मैफलीतली सगळ्यात ऐकण्यासारखी चीज सगळ्यात वाईट जागी. तो प्लेअर नातवंडांना द्या.

टर्नटेबल घेताना तीन गोष्टी बघा: ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग, सुईचा भार कमीजास्त करता येणारा दांडा, आणि बदलता येणारं कार्ट्रिज. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी १२० मध्ये हे तिन्ही आहे आणि ते भारतात मिळतं. एखाद्या खात्रीच्या माणसाकडून जुनं जपानी डायरेक्ट ड्राइव्ह मिळालं तर तेही उत्तम, फक्त बहुतेकांत ७८चा वेग नसतो. एलपीसाठी लंबगोलाकृती टोकाची सुई घ्या. ७८साठी वेगळी सुई लागतेच, तिथे तडजोड नाही. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा अडीच-तीन पट रुंद असते. एलपीच्या साध्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची सुई ७८वर ठेवली की ती खाचेच्या तळाशी जाऊन कचऱ्यातून लोळत जाते आणि भिंतींवर कोरलेल्या आवाजाला नीट शिवत नाही. उलट ७८ची सुई एलपीवर ठेवाल तर खाच कायमची जाईल. दोन सुयांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. घरात दुसरं कुणी हात लावणार असेल तर एक कपाटात ठेवा.

अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्हसाठी ७८च्या तबकड्या डिजिटाइझ करताना प्रत्येक तबकडी एकाच वेळी चार वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी वाचली जाते आणि चारही फायली ठेवतात. कारण जुन्या फोनोची पोलादी पिन खाचेच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टाच झिजवते. थोडी जाड किंवा बारीक सुई त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली, न झिजलेल्या जागी बसते. आपल्याला चार सुया परवडणार नाहीत, पण दुसरी थोडी वेगळी सुई जमवता आली तर घरच्या झिजलेल्या तबकड्यांत जीव आल्यासारखा वाटतो. बाकी कशावर खर्च करण्याआधी मी यावर करीन.

मांडणीला एक अख्खी दुपार द्या. टर्नटेबल पाणसळ लावून समपातळीत आणा. सुईचा भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजा, दांड्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. भार कंपनी सांगते त्या पट्ट्यात थोडा वरच्या बाजूला ठेवा. कमी भाराने तबकडी वाचते हा गैरसमज आहे, सैल सुई खाचेत आपटत जाते आणि जास्त नुकसान करते. जुन्या वाड्याची लाकडी तक्तपोशी असेल तर कुणी चाललं की रेकॉर्डिंगमध्ये धप्प धप्प येतं. कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली चार रबरी चेंडूंचे अर्धे भाग, हा माझा अनेक वर्षांचा इलाज. ज्या टेबलावर स्पीकर त्यावर टर्नटेबल नाही. रेकॉर्ड करताना हेडफोनवरच ऐका.

घूंऽऽ हा आवाज बहुतेक वेळा ५० हर्ट्झचा, म्हणजे विजेचा असतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. निम्म्या घरांत प्रश्न इथेच संपतो. मग टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार प्रीअँपच्या (कार्ट्रिजचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डबीच्या) स्क्रूला घट्ट आहे का पाहा. तरीही येत असेल तर घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक अनेकदा नुसतं शोभेचं असतं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर खर्रर्र सोडतो, पंखा पूर्ण वेगावर तरी ठेवा किंवा बंद करा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करायच्या भानगडीत पडू नका, चहा घ्या.

कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा आवाज निघतो. तो फोनो प्रीअँपने वाढवून मग ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाजाचे आकडे करून संगणकाला देणाऱ्या पेटीला द्यायचा. टर्नटेबलमधलं यूएसबी बऱ्याचदा १६ बिटचं असतं, चालतं, पण २४ बिटचा साधा इंटरफेस घेतलात तर पातळी लावताना जीव मुठीत धरावा लागत नाही. ध्वनिसंग्रह जपणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, शिफारस किमान २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आणि शक्यतो ९६ अशी आहे. मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, थोडक्यात २४/९६ वर घेतो. एलपीच्या आवाजाला एवढी जागा लागते म्हणून नव्हे, टकटक काढायला ती उपयोगी पडते म्हणून. सर्वांत मोठ्या जागी मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. विंडोजमधली आवाज 'सुधारणारी' सगळी सोय आधी बंद करा, ती तुमच्या नकळत पातळी खालीवर करते.

एका बाजूची एकच सलग फाइल करा. सुई टेकण्याआधी सुरू आणि उचलल्यावर बंद. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी भरपूर आहे. चाळीस मिनिटांची एलपी २४/९६ मध्ये सुमारे १.४ जीबी होते, फ्लॅकमध्ये साठवली की आवाजाचा कणही न गमावता बरीच कमी. ही मूळ फाइल, हिला पुन्हा हात लावायचा नाही. कापाकापी, साफसफाई सगळी तिच्या प्रतीवर. दहा वर्षांनी याहून चांगली साधनं येतील आणि तेव्हा तुम्हाला ही कच्ची फाइल हवी असेल, आजची गुळगुळीत केलेली नव्हे.

७८च्या तबकड्यांवर थोडं जास्त बोलतो, कारण तुमच्या ट्रंकेतलं खरं धन तेच आहे. नाव ७८ असलं तरी सगळ्या तबकड्या ७८ला कोरलेल्या नाहीत, जुन्या तर ७१पासून ८०पर्यंत कुठेही सापडतात. वेगात सहा टक्के फरक पडला की अख्खी एक पट्टी बदलते, काळी एकची पांढरी दोन होते. गायकाची पट्टी माहीत असेल, किंवा त्याच गायकाच्या चार तबकड्या हाताशी असतील, तर हार्मोनियम घेऊन बसा आणि ताडून पाहा. पण तबकडीतली पेटी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. म्हणून कानाला विचारा: आवाजाचा दाणा त्या माणसाचा वाटतो का, तान धावतेय की धापा टाकतेय? शंका असेल तर ७८लाच ठेवा आणि नोंद करा. टर्नटेबलचा वेग स्ट्रोबच्या चकतीने तपासता येतो: तिच्यावर रेघा छापलेल्या असतात आणि वेग बरोबर असेल तर दिव्याखाली त्या स्थिर दिसतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ला १८० रेघा आणि ७८ला ७७. मात्र त्यासाठी जुना पिवळा बल्ब लागतो, बरेचसे एलईडी लुकलुकत नाहीत.

दुसरी गोम प्रीअँपची. एलपी कोरताना खालचे स्वर दाबतात आणि वरचे वाढवतात, प्रीअँप ते उलटं करून सरळ करतो. हे आरआयएए नावाचं प्रमाण १९५४चं. त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं गणित होतं आणि ७८च्या बहुतेक तबकड्यांत वरचे स्वर एवढे वाढवलेलेच नसत. तुमचा प्रीअँप मात्र ते ५ हजार हर्ट्झपाशीच ८ डेसिबलने खाली ओढतो. म्हणून ७८चा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो आणि लोक तबकडीला दोष देतात. ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्हमध्ये आरआयएएचा आराखडा आहे. तो उलटा लावून प्रीअँपचं काम पुसा, मग बास कानाला पटेल इतका, साधारण २५० हर्ट्झच्या खाली, परत भरा. १९२५नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आलं. त्याआधीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांना बासही भरायची गरज नसते. ७८चा वेग नसेल तर ४५ला वाजवून संगणकात वेग १.७३३ पट करता येतो, पण आरआयएए आधी पुसायचं आणि वेग नंतर वाढवायचा. क्रम उलटा झाला तर सगळं चुकीच्या जागी बसतं. ही चूक मी डझनभर तबकड्यांवर केली आणि सगळं पुन्हा उतरवलं.

७८ आणि जुन्या मोनो एलपी स्टिरिओ कार्ट्रिजनेच घ्या, दोन्ही चॅनेल ठेवा. मोनोत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, उभ्या हालचालीत नुसती घरघर. दोन्ही चॅनेल मिळवले की ती घरघर बरीचशी आपोआप वजा होते. कुठला फिल्टर एवढं प्रामाणिक काम करत नाही. एक भिंत फारच झिजली असेल तर फक्त दुसरा चॅनेल वापरा.

आता सॉफ्टवेअर. मोठे टक्क आवाज एकेक करून हाताने काढा. आपोआप काढणारी सोय हलक्या मात्रेवर, आणि लावल्यावर ही परीक्षा घ्या: साफ केलेल्या प्रतीची लहर वरची खाली अशी उलटी करून (ऑडॅसिटीत 'इन्व्हर्ट', 'रिव्हर्स' नव्हे) मूळ प्रतीत मिसळा, म्हणजे नुसतं काढून टाकलेलं ऐकू येईल. त्यात फक्त टिकटिक असेल तर ठीक. चाटेवरचा 'ना' ऐकू आला, अभंगातले टाळ ऐकू आले, तर तुम्ही तबला आणि टाळ कचऱ्यात टाकलेत, मात्रा कमी करा. सलग खरखर घालवणाऱ्या सोयीपासून तर चार हात दूर राहा. ती जे अखंड चालू असतं त्याला कचरा समजते, आणि आपल्या संगीतात अखंड काय चालू असतं? तंबोरा. आधी तंबोऱ्याची झार जाते, मग आवाजाभोवतीची हवा, आणि शेवटी बुवा विहिरीतून गायल्यासारखे वाटतात. थोडी खरखर राहू द्या. दोन मिनिटांत कान ती विसरतो, विहीर विसरत नाही.

जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक कधीकधी स्वतःचं नाव सांगतात. ते कापू नका. १९०२मध्ये कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात, आणि तिथल्या लोकांना गाणारं कोण ते कळावं म्हणून गौहर जानसारख्या गायिका शेवटी आपलं नाव पुकारत. दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो काढा आणि लेबलभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरलेला आकडाही टिपून ठेवा. तो मॅट्रिक्स क्रमांक, तबकडीचा जन्मदाखला. लेबल फाटलेलं असलं तरी त्यावरून ओळख पटते. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथली मंडळी अशा आकड्यांवर तासन्‌तास बोलू शकतात.

वेळेचा हिशेब आधीच करा. तुमचा संग्रह नुसता वाजवायला ७५-८० तास लागतील, धुणं-कापणं-नोंदी धरून त्याच्या तिप्पट. म्हणून सगळं उतरवायचा हट्ट नको. एचएमव्हीचा पुष्कळसा संग्रह आज सारेगामाकडून डिजिटल मिळतो, तोही बऱ्याचदा मूळ फितींवरून केलेला. आधी शोधा. जे मिळतं ते तुमच्या घासलेल्या एलपीवरून काढण्यात अर्थ नाही, आजोबांच्या आठवणीसाठी एक-दोन वगळता. तुमचा वेळ ७८वर, अनोळखी लेबलांवर आणि कुठेच न सापडणाऱ्या ईपींवर घालवा.

स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत काढायला हरकत नाही. नेटवर टाकायचं असेल तर जरा थांबा. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही.

फायली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात, बहिणीकडे किंवा मित्राकडे. आणि उतरवून झालं म्हणून तबकड्या भंगारात देऊ नका. एलपी कपाटात उभ्या, खेटून, न कलता ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. ट्रंक मात्र पत्र्याखालच्या माळ्यावरून या मे महिन्याच्या आत खाली आणा. पहिल्या रविवारी सुरुवात कराल तेव्हा सगळ्यात नावडती, आधीच चरे पडलेली एलपी घ्या. तिच्यावर हात बसू द्या, मग ७८कडे वळा.